खिमा खाली, बटाटा वर

संपादकांनी अंकाचा यंदाचा विषय कळवला, 'पाहुणे म्हणून आले आणि राहिले'. खाण्याच्या विभागात दादर माझ्या वाट्याला आलं. दादर आणि खाणं म्हटलं की लेख हातून आपोआप उतरतो. मिसळ, पियूष, साबुदाणा वडा, थालीपीठ, आणि शेवटी 'आता ते दिवस राहिले नाहीत'. ते टाळायचं म्हणून मी मुद्दाम असा पदार्थ घेतला, जो दादरच्या कुठल्याच मराठी खानावळीच्या पाटीवर सापडायचा नाही: इंग्रजांचा मटण-बटाट्याचा पाय. खाली शिजवलेला खिमा, वर कुस्करलेल्या बटाट्याचा जाड थर, आणि सगळं ओव्हनमध्ये, वरचा थर तांबूस होईपर्यंत.

इंग्लंडात याच्या दोन-तीन तऱ्हा आहेत. खाली गोमांस असलं तर कॉटेज पाय, मेंढीचं मटण असलं तर शेफर्ड्स पाय. पहिलं नाव 1791 सालच्या एका पाद्र्याच्या रोजनिशीत सापडतं, दुसरं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रूढ झालं. उत्तरेकडे लँकशर-यॉर्कशरात बटाटा वर न पसरता फोडी करून मटणातच घालतात आणि झाकणाला मैद्याची पोळी लावतात. गिरण्यांमधल्या कामगारांचं ते पोटभरीचं खाणं. फ्रेंचांनी आपल्या पायाला पारमांत्येचं नाव दिलं. हा औषधशास्त्रज्ञ सप्तवार्षिक युद्धात प्रशियाच्या कैदेत बटाटे खाऊन जगला आणि सुटल्यावर जन्मभर बटाट्याचा प्रचार करत राहिला.

मूळ हेतू मात्र सगळीकडे एकच, उरलंसुरलं खपवणं. रविवारी भाजलेल्या रानाचं जे उरेल ते सोमवारी बारीक करायचं, त्यावर स्वस्त बटाटा पसरायचा आणि घरातल्या सगळ्यांना पुरवायचं. इथेच दादरची अडचण सुरू होते. दादरच्या घरांत रविवारचं मटण सोमवारपर्यंत टिकत नाही. एक तर ते रात्रीच्या जेवणाला संपतं, आणि उरलंच तर सोमवारी निम्म्या घराचा उपास असतो. म्हणजे इथे पाय करायचा तर ताज्या, कच्च्या खिम्यापासूनच सुरुवात करावी लागते. पदार्थाचं कारणच बदललं की कृतीही बदलते, आणि मला तेच बघायचं होतं.

सावरकर मार्गावरचं कॉलेज

दादरमध्ये हा पाय शिकलेली माणसं शोधायची तर वीर सावरकर मार्गावरच्या हॉटेल मॅनेजमेंटच्या संस्थेपासून सुरुवात करावी. पाटीवरचं नाव लांबलचक आहे, टॅक्सीवाल्यांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळे 'दादर केटरिंग कॉलेज' म्हणतात. संस्था 1954 सालची, आणि तिच्या जन्माची गोष्ट पंचतारांकित हॉटेलांची नाही, धान्यटंचाईची आहे. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत रेशनवरचं धान्य पुरत नव्हतं. लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला अन्न परिषद उभी राहिली. तांदूळ-गव्हाला पर्याय म्हणून कंदमुळं, भाज्या, पूरक अन्न लोकांच्या ताटात यावं ही तिची खटपट. त्यासाठी 'अन्नपूर्णा' नावाची उपाहारगृहं निघाली, आणि ती चालवायला शिकलेले हात हवेत म्हणून ही शिक्षणसंस्था. पोटभरीला बटाटा पुढे करणाऱ्या पदार्थाची ओळख अशा घरात होणं मला अगदी रास्त वाटतं.

पुढे थंगम फिलिप या तिथल्या प्राचार्य झाल्या. साठच्या दशकात आलेलं त्यांचं 'मॉडर्न कुकरी' हे पाठ्यपुस्तक देशभरातल्या केटरिंगच्या विद्यार्थ्यांनी वापरलं. 1976 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी त्या पुस्तकाची प्रत बघावी. कडा तुपकट, पानं हळदीने पिवळी, पाठीचा कणा चिकटपट्टीने जोडलेला.

तिथून शिकून बाहेर पडलेली एक तरुणी शिवाजी पार्कमागच्या गल्लीत घरून ऑर्डरी घेते. काही वर्षं तिने हॉटेलात काढली, मग स्वतःचं सुरू केलं. स्वयंपाकघर जुन्या इमारतीतलं, ओटा कडप्प्याचा, खिडकीत ओव्हन, आणि दाराशी खुर्ची टाकून बसलेली तिची आजी. घर चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचं, म्हणजे मटणाच्या बाबतीत मतं ठाम. नातीने पहिल्यांदा कॉलेजच्या पद्धतीचा पाय करून समोर ठेवला, तेव्हा आजींनी एक चमचा खाल्ला आणि विचारलं, "आजारी कोण आहे गं?"

आतला बाहेर, बाहेरचा आत

आजींचा शेरा सोडून द्यावा असा नाही. खिमा आणि बटाटा ही जोडी त्यांना नवी नाही. त्यांच्या घरात ती पॅटिसात भेटते, बटाट्याची पारी, आत तिखट-हिरवा खिमा, रव्यात घोळवून तव्यावर शॅलो फ्राय. आणि दादर हे या जोडीचं माहेरच म्हणावं असं आहे, कारण इथे चार-पाच समाज एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर हाच पदार्थ आपापल्या परीने करत आले.

पूर्वेला पारशी कॉलनी. 1896 च्या प्लेगनंतर मुंबई सुधार ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली, आणि मंचेरजी जोशी यांच्या खटपटीतून पारशांची ही वसाहत उभी राहिली. तिथल्या घरांत खिम्याचे पॅटिस होतात ते अंड्यात बुडवून, पावाच्या चुऱ्यात घोळवून. सली-बोटीत तर बटाटा काडीइतका बारीक कापून, कुरकुरीत तळून, मटणावर ढिगाने घालतात. मला विचाराल तर मटण खाली आणि बटाटा वर या रचनेचं मुंबईतलं सगळ्यात चांगलं उदाहरण तेच, फक्त ओव्हनची गरज पडलेली नाही.

पश्चिमेला गोखले रोडवर पोर्तुगीज चर्च. नोंदीतलं नाव अवर लेडी ऑफ सॅल्व्हेशन, स्थापना 1596, आणि आजची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी सत्तरच्या दशकात रचलेली. त्याच्या आसपासच्या ईस्ट इंडियन आणि गोवेकर घरांत पोटॅटो चॉप होतात. पारी तीच, आतला खिमा व्हिनेगरने आंबटसर, वर रवा. बटाटा या देशात आणला पोर्तुगीजांनीच, तेव्हा त्यांच्या नावाच्या चर्चच्या सावलीत चॉप तळले जावेत हे ठीकच.

सली-बोटी सोडली तर या सगळ्यांत बटाटा बाहेर, मटण आत, आणि प्रत्येक नग हातावर वळलेला. धंदा करणाऱ्याला यातली गोम लगेच कळते. पॅटिस म्हणजे हातकाम. बटाटा गार झाला की पारी चिरते, गरम असला की हाताला चिकटते, सारण ओलं असलं तर तेलात फुटतं. वीस माणसांचे पॅटिस वळायला दोन बायकांची अख्खी सकाळ जाते. शिवाय ते डब्यात घालून परळपर्यंत पाठवले की पोचेस्तोवर मऊ पडतात. पायाला हे काहीच लागत नाही. ट्रेमध्ये थर दिला, वर बटाटा पसरला, काम संपलं. गरम ट्रे फॉइलने झाकून पाठवला तर तासाभराने उघडला तरी चालतो. नातीने पाय निवडला तो इंग्रजांच्या प्रेमाने नव्हे, मजुरीच्या हिशोबाने.

पण आजींचा आक्षेप उरलाच. आजाऱ्याचं जेवण ते आजाऱ्याचं जेवण. त्यावर सोपा उपाय सगळ्यांना सुचतो, गरम मसाला आणि हिरवी मिरची घाला, वर चीज किसा, झालं 'देशी'. अशा गोष्टी हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर पुष्कळ दिसतात आणि मला त्या आळशीपणाच्या वाटतात. मसाला बदलून या पायाचं खरं दुखणं जात नाही. ते दुखणं मटणाच्या दुकानात सुरू होतं.

रानाचा की मिक्स

रविवारी सकाळी सातच्या आत सिटीलाइटजवळच्या गोपी टँक मंडईकडे निघालं की मासळीवाल्यांची पाणी मारायची घाई चालू असते आणि मटणाच्या दुकानांपुढे पिशव्या घेतलेले पुरुष गप्प उभे असतात. रविवारचं मटण आणणं हे अजूनही बऱ्याच घरांत वडिलांचं किंवा आजोबांचं काम. नात गेली की दुकानदार विचारतो, "ताई, रानाचा देऊ का मिक्स? चरबी ठेवू का काढू?"

हे दोन प्रश्न म्हणजे निम्मी पाककृती. आपल्याकडे मटण म्हणजे बोकड. मराठवाड्यातल्या उस्मानाबादी जातीसारख्या आपल्या शेळ्या काटक, अंगाने सडपातळ. मांसात चरबी कमी, असेल ती आतड्यांभोवती आणि गुर्द्याभोवती. इंग्रजांचा शेफर्ड्स पाय जन्मला तो मेंढीवर, आणि तिथली मेंढी अंगाने चरबीदार. तिचा खिमा ओव्हनमध्ये अर्धा तास राहिला तरी स्वतःच्या चरबीत मऊ राहतो. बोकडाच्या रानाचा स्वच्छ खिमा तेवढाच वेळ ठेवला तर कोरडा, भुसभुशीत दाणा होतो. पुस्तकी उपाय म्हणजे मैदा लोण्यात परतून, त्यात सूप घालून दाट रस करायचा आणि खिमा त्यात बुडवून ठेवायचा. आजींना दवाखान्याची आठवण झाली ती या मैद्याच्या रसामुळे.

म्हणून नात सांगते, "दादा, खांद्याचा द्या, थोडी चरबी राहू द्या, आणि मशीनला नका लावू." मग तो लाकडी ठोकळ्यावर मांस आडवं ठेवतो. एका हाताने सुरा, दुसरा हात पात्याच्या टोकावर, आणि एकाच लयीत उभं-आडवं-तिरकं. मधेच पात्याने सगळं गोळा करून उलटतो, पांढरे पडदे चिमटीने ओढून बाजूला टाकतो, पुन्हा सुरू. मशीनमधून येणारा खिमा शेवेसारखा लांब आणि दाबलेला असतो, शिजताना त्याचे गोळे होतात. सुऱ्याचा खिमा दाण्यादाण्याचा राहतो, कडेकडेने परतला जातो आणि रस धरतो. मागची गिऱ्हाइकं या वेळी घड्याळाकडे बघत असतात. किलोला आठशेच्या पुढे भाव असताना कुणी बोलत मात्र नाही, कारण आपल्या पाळीला आपल्यालाही असाच खिमा हवा असतो.

वाटणाचं काम

चरबी थोडी ठेवूनही भागत नाही. इथे आजी मदतीला आल्या, म्हणजे खुर्चीवरून उठून ओट्यापाशी आल्या. त्यांनी सुकं खोबरं किसून मंद आचेवर तांबूस भाजलं, दोन कांदे सालासकट गॅसवर काळे होईस्तोवर भाजले, साल काढून खोबरं, लसूण, धणे, लवंग यांच्यासोबत अगदी कमी पाण्यात वाटले. घराघरात रोज होणारं वाटण, यात नवल काय, असं वाटेल. पण मैद्याच्या रसाच्या जागी ते बसवून बघा. सुक्या खोबऱ्याच्या वजनाचा साठ टक्क्यांहून जास्त भाग तेल असतो. बोकडाच्या मांसात जी चरबी नाही ती इथून येते. खोबऱ्याचा चोथा आणि भाजल्या कांद्याचा गर पाणी धरून ठेवतात, त्यामुळे रस दाट होतो आणि ओव्हनमध्ये उकळून वरच्या बटाट्यात घुसत नाही. मैदा जी दोन कामं करतो ती वाटण करतं, आणि वर चव देतं. मी ज्याला या पायाचं नवं रूप म्हणेन ते एवढंच आहे. लाल तिखट लालबागच्या मिरची गल्लीतून आणलेलं, पण बेताने.

एक गोष्ट अजून अडली होती. इंग्रज या खिम्यात वूस्टर सॉस घालतात, नाहीतर चव सपाट लागते. एकोणिसाव्या शतकापासून बाटलीत मिळणाऱ्या त्या सॉसच्या घटकांची यादी नातीने आजींना वाचून दाखवली. चिंच, गुळाची काकवी, व्हिनेगर आणि खारवलेले बारीक मासे. आजी म्हणाल्या, "मग बाटली कशाला? चिंच आहे, गूळ आहे, डब्यात जवळा आहे." जवळा कोरडा भाजून, खलात पूड करून अर्धा किलो खिम्याला चमचाभर घातला. मासळीचा वास येत नाही, मटण मात्र जास्त मटणासारखं लागतं. खिमा मोठ्या आचेवर, सुटलेलं पाणी पूर्ण आटेपर्यंत परतायचा, मग वाटण, मग चिंचेचा कोळ आणि चिमूटभर गूळ. कडेने तेल सुटलं की उतरवायचा आणि गार होऊ द्यायचा. गरम खिम्यावर बटाटा पसरला तर वाफेने तो खालून चिकट होतो.

वड्याच्या गावचा बटाटा

बटाट्याबद्दल दादरला कुणी शिकवू नये. वडापावची सुरुवात 1966 मध्ये दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाली असं मानलं जातं, आणि तेव्हापासून या परिसरात रोज किती बटाटे कुस्करले गेले असतील याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. कॉलेजात बटाटा चाळणीतून काढून, दूध-लोणी घालून रेशमासारखा करायला शिकवतात. वड्याचा बटाटा हाताने फोडलेला, ओबडधोबड. आपला बटाटा वाशीच्या बाजारातून येतो, आणि शीतगृहातून आलेल्या बटाट्यात थंडीमुळे पिठाची साखर झालेली असते. म्हणून तो गोडसर लागतो आणि ओव्हनमध्ये लवकर काळपटतो. डिसिल्व्हा रोडवरची भाजीवाली जुना-नवा विचारल्याशिवाय सांगत नाही, पण विचारलं की खरं सांगते. नवा बटाटा पाणीदार असतो, तो रश्श्याला चांगला. पायाला जुना, कोरडा, पिठूळ बटाटा हवा, आणि तो काही दिवस फ्रिजबाहेर टोपलीत ठेवलेला बरा.

मिक्सर तर वर्ज्यच. पात्याने पिठाचे कण फुटतात आणि बटाट्याची खळ होते. गरम असतानाच हाताने फोडायचा, मीठ, थोडं लोणी, आणि वर मोहरी, हिंग, आलं-मिरचीची फोडणी. हळद नाही. हळद घालून बघितली होती, ट्रे उघडणारा प्रत्येक जण त्याला वडा समजला. मग काट्याने त्यावर उभ्या रेघा ओढायच्या, खोल आणि जवळजवळ. रेघांचे उंचवटे आधी वाळतात, मग तांबूस होतात, कडा कुरकुरीत होतात आणि खोबणीत लोणी साचतं. 200 अंशांवर पंचवीस-तीस मिनिटं. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं तसाच ठेवायचा, नाहीतर कापताना थर घसरतो. अर्धा किलो खिम्याला पाऊण किलो बटाटा हे प्रमाण नातीचं. आजींच्या मते बटाटा जास्त होतो, माझ्या मते बरोबर आहे.

निखारे वर, निखारे खाली

ओव्हन ही आपल्याकडची वस्तू नव्हे, हा समज मात्र खरा नाही. पाठारे प्रभूंचे भानोले, कायस्थांचं निनावं हे भाजलेलेच पदार्थ. पातेलं मंद विस्तवावर, झाकणावर निखारे, दोन्हीकडून धग. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र' हे पाकपुस्तक 1910 मध्ये निघालं तेव्हा ही कला घराघरात होती. गॅस आला आणि निखारे गेले, मग श्रावणातलं निनावं बऱ्याच घरांत ओव्हनमध्ये गेलं. आजींनी पाय पहिल्यांदा नीट बघितला तेव्हा त्यांना आठवलं ते भानोलं. "कोलंबीऐवजी खिमा, बेसनाऐवजी बटाटा," असा त्यांनी निकाल दिला, आणि त्या दिवसापासून घरात या पदार्थाचा दर्जा वाढला.

ज्यांच्याकडे ओव्हन नव्हता त्यांना बेकरी होती. दिवाळीआधी नानकटाईचं भिजवलेलं पीठ पत्र्याच्या डब्यात घेऊन बायका बेकरीत रांग लावत, पाव निघाल्यावर मंदावलेल्या भट्टीत ट्रे जात. मोठ्या ऑर्डरीला नातीने हाच मार्ग काढायचं ठरवलं होतं. पण 2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं, महापालिकेच्या नोटिसा गेल्या, आणि बेकरीवाले गॅस की वीज या हिशोबात पडले. धुराच्या बाजूने कुणी बोलणार नाही. फक्त विटांची भट्टी पाव संपल्यावरही तास न् तास धग धरून असते, ती फुकटची धग गॅसच्या ओव्हनमध्ये मिळत नाही. दुसऱ्याचे ट्रे भाजून देणं आता कुणाला परवडत नाही.

पंचांग आणि ऑर्डरी

नातीची ऑर्डरवही पंचांगाबरहुकूम चालते. गटारीच्या आठवड्यात ओव्हनला उसंत नाही. मग श्रावण, पाठोपाठ गणपती, मग पितृपक्षात थोडी हालचाल, मग नवरात्र. दिवाळीचे मुख्य दिवस फराळाचे. भाऊबीज उलटली की लोकांना चकल्यांचा कंटाळा येतो आणि फोन सुरू होतात. मार्गशीर्षातले गुरुवार कोरे, 31 डिसेंबर भरलेला, धुळवडीला पुन्हा गर्दी. म्हणजे ज्या पदार्थाचा जन्म सोमवारी उरलंसुरलं खपवण्यासाठी झाला, तो इथे सणासुदीचा झाला आहे. मटणाच्या भावाने त्याला दुसरं काही होऊ दिलं नसतं.

रिकाम्या महिन्यांचं काय, हा प्रश्न आहेच. नातीच्या डोक्यात आहे तो खिम्याच्या जागी वालाचं बिरडं घालायचा बेत. मोड आलेल्या डाळिंब्या, तेच खोबऱ्याचं वाटण, वर तोच बटाटा. जवळा अर्थातच बाद, आणि श्रावणातल्या ट्रेसाठी लसणाचं काय करायचं यावर बोलणी चालू आहेत. आजींना बिरड्यावर बटाटा ही कल्पना पसंत नाही, पण त्यांनी वाल भिजत घातले. ते सोलायला कोणी बसायचं, यावर मी निघालो तेव्हा दोघींचं एकमत झालेलं नव्हतं.